डब्लिनहून एका दिवसात समुद्र आणि इतिहास: आधी तास मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे, पाठीवर सॅक टाकून युरोप फिरताय. डब्लिनच्या हॉस्टेलमध्ये तीन रात्रींचं बुकिंग आहे. त्यातला एक दिवस शहराबाहेर काढायचाय आणि त्या दिवसाला ८० युरोंच्या वर खर्च करायचा नाही. आयर्लंडचा समुद्रकिनारा बघायचाय, पण नुसते फोटो काढून परतायचं नाही, इतिहासही समजून घ्यायचाय. तर गाइड असलेली बस-टूर घ्यावी की आपलं आपण जावं? आणि पश्चिम किनाऱ्यावरचे मोहेरचे कडे बघावेत की उत्तरेचा जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्रात उतरत गेलेले दगडी खांब?

मी गेली अकरा वर्षं डब्लिनहून निघणाऱ्या बसवर गाइडचं काम करते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतो. ८० युरोंत टूर बसते, त्याची काळजी करू नका. न बसणारं गणित आहे ते तासांचं. म्हणून मोहेर की कॉजवे हे ठरवण्याआधी त्या दिवसातले किती तास सीटवर जाणार आणि किती तास पाय जमिनीला लागणार, हे मोजा.

डब्लिन पूर्व किनाऱ्यावर आणि मोहेर पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे अख्खा देश आडवा ओलांडायचा. अंतर साधारण २७० किलोमीटर. बसला मोटरवेवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, आणि शेवटचा टप्पा अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांचा. एका बाजूला साडेतीन तास धराच. त्यात युरोपच्या कायद्याप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते, आणि दिवसभरात मिळून साधारण नऊ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही. गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवत असतं. "अजून दहा मिनिटं थांबा ना" असं प्रवासी म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते यंत्र असतं. सकाळी सातला निघालेली बस संध्याकाळी साडेसात-आठला परत येते, आणि त्यातले सात-आठ तास तुम्ही बसलेले असता. कड्यांवर मिळतात दीड ते दोन तास.

यावर माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो मी मनापासून सांगते: बुकिंग बदलता येत असेल तर डब्लिनची एक रात्र सोडा आणि ती पश्चिमेकडच्या गॉलवे शहरात काढा. डब्लिन-गॉलवे बस दिवसभर सुटत असतात, अडीच-तीन तासांत पोचवतात, आणि आधी तिकीट काढलं तर पंधरा-वीस युरोंत काम होतं. आदल्या दिवशी दुपारी निघा, संध्याकाळी गॉलवेच्या जुन्या गल्ल्यांतून फिरा, आणि सकाळी तिथूनच निघणारी टूर घ्या. गॉलवेहून मोहेर दीड तासावर आहे. तीच टूर, तेच कडे, पण बसमधले निम्मे तास वाचतात आणि तिकीटही डब्लिनच्या टूरपेक्षा कमी पडतं. वाचलेल्या वेळात गाडी वाटेत चार ठिकाणी जास्त थांबू शकते, आणि या भागात जे बघण्यासारखं आहे ते नेमकं त्या वाटेवर आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

रात्र बदलता येत नसेल तर डब्लिनहूनच जावं लागेल. मग मोहेर की कॉजवे? तुमच्या बाबतीत हे आवडीवर कमी आणि व्हिसावर जास्त ठरेल, म्हणून नीट वाचा. जायंट्स कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतो. डब्लिनहून बेलफास्टला जाताना सरहद्दीवर चौकी नाही, गेट नाही, रस्त्यावरच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात तेवढंच. म्हणून बरेच जण समजतात की काही लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला परवानगी लागते. तुमच्या आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन आणि आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर त्यावर उत्तरेतही जाता येतं, फक्त आधी आयर्लंडमध्ये दाखल झालेलं असावं लागतं. ती नोंद नसेल तर वेगळा ब्रिटिश व्हिसा हवा. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा इथे कुठेच चालत नाही, आयर्लंडमध्येही नाही आणि उत्तरेतही नाही. इथे शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगते, तुमच्या आयरिश रेसिडन्स कार्डावर उत्तरेत जाता येत नाही. परतताना बस थांबवून कागद तपासल्याचं मी स्वतः पाहिलंय. पासपोर्ट उघडून ती नोंद आजच बघा.

नोंद असेल तर कॉजवे सुंदर आहे यात वाद नाही. बसाल्टचे सुमारे ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी, समुद्रात उतरत गेलेले. पण तुम्ही नाशिकचे, म्हणजे लहानपणापासून बसाल्टवरच वाढलात. कॉजवेचा लाव्हा साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा त्याच्या थोडा आधीचा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे असेच खांब उभे आहेत. तेव्हा दगड म्हणून तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. त्या दगडांवर चालायला पैसे पडत नाहीत, पैसे असतात ते पार्किंगचे आणि तिथल्या केंद्राचे. डब्लिनहून त्या टूरलाही बारा-तेरा तास लागतात. बेलफास्टमधल्या वस्त्यांना विभागणाऱ्या भिंती आणि १९९८ चा शांतता करार यांत तुम्हाला रस असेल, तर मात्र उत्तरेची टूर घ्या. विसाव्या शतकाचा इतिहास तिथे जितका जवळून दिसतो तितका पश्चिमेला दिसत नाही.

समुद्र आणि इतिहास एकाच दिवसात, एकाच रस्त्यावर हवे असतील, तर माझं उत्तर पश्चिम. आणि तेही कड्यांइतकंच त्यांच्या अलीकडच्या बर्रन नावाच्या पठारासाठी.

गाइड घ्यायचा की नाही हेही इथेच ठरतं. मोहेरला गाइडची फारशी गरज नाही. तिथे पोचलात की कडा समोर आहे, डोळे आहेत, वारा आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगते, कारण लोक नंतर नाराज होतात: अशा टूरमध्ये गाइड बोलते ती बहुतेक बसमध्ये. कड्यांवर तुम्हाला मोकळं सोडलं जातं आणि वेळ सांगितली जाते. बर्रनमध्ये मात्र सांगणारं कोणी नसेल तर तुम्ही खिडकीतून करड्या दगडांचा एक ओसाड माळ बघाल आणि मोबाइलकडे वळाल. मी पहिल्यांदा प्रवासी म्हणून गेले तेव्हा माझंही तेच झालं. स्वस्तातली टूर होती, बसमध्ये रेकॉर्ड लावून ठेवलेली, आणि या पठारावर नेमकी गाणी चालू होती.

बर्रन म्हणजे चुनखडीचा सडा. कोकणातला जांभ्याचा कातळसडा आठवा, तसा मैलोन्मैल उघडा कातळ, फक्त रंग राखाडी. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळत गेली आणि कातळाला सरळ, खोल खाचा पडल्या. टूर इथे थांबली तर उभ्या उभ्या फोटो काढू नका, खाली बसा आणि एका खाचेत डोकवा. वर बोचरा वारा असतो, आत हात घातला तर हवा शांत आणि दमट लागते. त्या सावलीत नेचे वाढतात, आपल्याकडे विहिरीच्या आतल्या बांधकामात उगवतात ना, अगदी तसे. आणि हातभर अंतरावर, वरच्या चिमूटभर मातीत, मे महिन्यात जेन्शियनचं गडद निळं फूल दिसतं, जे एरवी आल्प्सच्या उंचीवर सापडतं. थंड प्रदेशातली आणि भूमध्य समुद्राकडची झाडं इथे शेजारी शेजारी नांदतात. इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात वर डोंगरावर नेतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, बाकी जगाच्या उलट. कातळ उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवतो आणि पाणी साचू देत नाही, त्यामुळे गुरांना थंडीत कोरडी जागा मिळते. उन्हाळ्यात गुरं नसल्यामुळे फुलं वाचतात.

याच पठारावर पोलनाब्रोनचं दगडी थडगं आहे. दोन उभ्या शिळांवर तिरकी टेकलेली एक मोठी शिळा, नवाश्मयुगातली, पाच हजार वर्षांहून जुनी. १९८० च्या दशकात एका उभ्या शिळेला तडा गेला, दुरुस्ती करायची म्हणून आधी उत्खनन झालं, आणि खाली तीसहून अधिक माणसांचे अवशेष सापडले. त्यात एकाच्या कमरेच्या हाडात दगडी टोक रुतलेलं होतं. बहुतेक जण तिशीच्या आतच गेलेले. काही गाइड या नावाचा अर्थ 'दुःखाची खाच' असा सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ते चूक आहे. मूळ आयरिश शब्द जात्याचा आहे, 'जात्याची खाच'. टूर घेण्याआधी ती पोलनाब्रोनला थांबते का ते जरूर विचारा, कारण सगळ्या थांबत नाहीत. तिथे तिकीट नाही.

आता इतिहासाचा तो भाग, ज्याच्यासाठी मी हे काम सोडत नाही. बर्रनमध्ये टेकड्यांवर चढत जाणाऱ्या दगडी भिंती दिसतील, चुन्याविना रचलेल्या, आरपार उजेड दिसणाऱ्या. फटी मुद्दाम असतात, वारा त्यातून निघून जातो आणि भिंत पडत नाही. बऱ्याच भिंती शेतांच्या आहेत, खूप जुन्या. पण पश्चिम आयर्लंडमध्ये काही भिंती आणि काही रस्ते असे आहेत की ते कुठून कुठे जातात हेच कळत नाही. ती दुष्काळी कामं आहेत.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. मंचर-खेडकडचा बटाटा उत्पादक ज्याला करपा म्हणून ओळखतो, तोच हा रोग. इथल्या गरीब कुळांकडे एवढीशी जमीन की त्यात घरापुरतं फक्त बटाटाच पिकायचा, आणि तोही बहुतेक एकाच जातीचा. एका रोगाने सगळ्यांचं ताट रिकामं झालं. त्याच वर्षांत धान्य आणि जनावरं बंदरांतून बाहेर जात होती. ब्रिटिश सरकारचं म्हणणं, फुकट अन्न द्यायचं नाही, काम द्यायचं. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक माणसं अशा कामांवर होती, उपाशीपोटी, थंडीत, दगड फोडत. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये या बेटाची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. आजही ती तेवढी झालेली नाही.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडेला रचलेले खडीचे ढीग, मोजमाप घेणारा मुकादम, दुपारची सुकडी, हे मी तिच्या तोंडून ऐकलंय. म्हणून मराठी माणसं बसमध्ये असली की मी या जागी मराठीत बोलते. बाकीच्यांना जी गोष्ट समजावून सांगावी लागते ती आपल्या माणसांना एका शब्दात कळते. आणखी एक धागा आहे. लंडनच्या अर्थखात्यात बसून या मदतकार्याची सूत्रं हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात होते, आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. दोन देशांच्या इतिहासात तोच माणूस होता, हे त्या भिंतीजवळ उभं राहिल्यावर फार जवळून जाणवतं.

मोहेरबद्दल थोडक्यात. कडे सर्वात उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत. तिथला ओब्रायन टॉवर १८३५ चा, स्थानिक जमीनदाराने बांधलेला. मोहेर हे नाव मात्र दक्षिण टोकावरच्या एका जुन्या गढीचं. १८०८ मध्ये नेपोलियनच्या भीतीने टेहळणीचा बुरूज बांधताना त्या गढीचे दगड वापरले गेले. वाटेच्या कडेने शहाबादी फरशीसारख्या मोठ्या लाद्या उभ्या केल्या आहेत. त्यांच्याकडे पाठ करून लोक समुद्राचे फोटो काढतात. तुम्ही एका लादीवर हात फिरवा. बोटाएवढ्या जाडीच्या नागमोडी रेषा लागतील, गांडुळं वळवळत गेल्यासारख्या. साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात जे जीव सरपटले त्यांच्या त्या वाटा आहेत.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघायची आपल्याला सवय असते. इथे ते करू नका. हा खडक बसाल्ट नाही, वाळूचा दगड आणि ठिसूळ शेल (चिखलापासून झालेला दगड) यांचे थर आहेत. खालचा शेल समुद्र आधी खातो, वरचा थर अधांतरी राहतो, आणि तुम्ही ज्या गवतावर झोपलात त्याच्याखाली काही नाही हे वरून कळत नाही. माणसं इथे मेली आहेत. कुंपणाच्या आत राहा, वाट बंद असल्याचा फलक असेल तर मागे फिरा.

ढग उतरले तर कडे अजिबात दिसत नाहीत, आणि हे कोणाच्याही हातात नाही. वर्षातून कितीतरी वेळा मी चाळीस माणसांना पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलंय. पण अर्ध्या तासात चित्र पालटतं, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कॅफेत जाऊन बसू नका. छत्री आणूच नका, वाऱ्यात ती उलटी होते. टोपी असलेलं जाडसर जर्किन आणि पकड असलेले बूट आणा. ऐन मे महिन्यातही.

टूर निवडताना किमतीपेक्षा चार गोष्टी विचारा. कड्यांवर किती मिनिटं? प्रवेश तिकीट धरलंय का? बर्रनमध्ये बस थांबते की फक्त जाते? आणि बोलणारं माणूस आहे की रेकॉर्ड? डब्लिनच्या टूर साधारण ६० ते ९० युरोंमध्ये असतात, म्हणजे तुमच्या रकमेत मधली एखादी बसेल आणि थोडे सुटे उरतील. जेवण आदल्या रात्री सुपरमार्केटमधून घ्या: ब्रेड, चीज, फळं. वाटेतल्या पबमध्ये चांगलं सूप मिळतं, पण शाकाहारी असाल तर ते कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा, भाज्यांच्या सूपमध्येही कोंबडीचं पाणी असू शकतं. टिप सक्तीची नाही. मोहेरहून बॅलीव्हॉन गावाकडे किनाऱ्याच्या रस्त्याने बस जाणार असेल तर डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या हाताला असतो.

आणि एवढा बसप्रवास नकोच असं वाटलं, तर संकोच न करता डब्लिनजवळच्या होथ या बंदराच्या गावाला जा. डब्लिनमधूनच डार्ट लोकल, लीप कार्डावर (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) दोन-तीन युरोंत, अर्ध्या तासात समुद्र. कड्यावरची वाट चालायला गाइड लागत नाही. २६ जुलै १९१४ ला याच धक्क्यावर 'असगार्ड' नावाच्या नौकेतून ९०० रायफली उतरवल्या गेल्या आणि त्यातल्या काही दोन वर्षांनी ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावात चालल्या. दिवस तुमचा, पाय तुमचे, आणि ८० मधले ६० युरो शिल्लक.

पश्चिमेला गेलात तर परतीच्या बसमध्ये शेवटच्या तासाला झोपू नका. एनफिल्ड गावानंतरचा मोटरवे रॉयल कॅनॉल या कालव्याच्या जवळून डब्लिनकडे जातो. १८४७ च्या मे महिन्यात रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने आपल्या १,४९० कुळांना जमिनीवरून काढलं. ती माणसं, त्यात लहान मुलंही, या कालव्याच्या काठाने १६५ किलोमीटर चालत डब्लिनला आली आणि तिथून लिव्हरपूलमार्गे कॅनडाच्या जहाजांत चढली. बस तुम्हाला बहुधा ओकॉनेल रस्त्याच्या आसपास उतरवेल. तिथून लिफी नदीच्या उत्तर काठाने पूर्वेकडे दहा मिनिटं चाला. कस्टम हाउसच्या पुढे रोवन गिलेस्पी यांनी केलेले दुष्काळातल्या माणसांचे ब्राँझचे पुतळे आहेत, १९९७ पासून. चौथरा नाही, कठडा नाही, तुम्ही ज्या फरशीवर उभे राहाल त्याच फरशीवर तेही उभे आहेत. एकाच्या खांद्यावर मूल आहे, आणि सगळ्यांच्या मागे एक हडकुळा कुत्रा. तिथे तिकीट नाही, बंद व्हायची वेळ नाही. आठला उतरलात तरी उन्हाळ्यात भरपूर उजेड असतो.